जामन्याच्या वर, निळं पिंप

सावद्याच्या वखारीतून फेकलेली केळी,
सालं काळी, आतून दारूसारखी उतरलेली,
दोन कॅरेट. वर गुळाची भेली फोडून,
तिच्यावर आठवडाभराची मोहफुलं.
निळं पिंप, अंजनाच्या बुंध्याला साखळीनं बांधलेलं,
आणि वर बेचक्यात चार वासे आडवे,
एक माणूस बसेल एवढं मचाण.

हे मला सापडलं. मी म्हणजे मुराद दगडू तडवी,
रोजंदारीचा चौकीदार, हजेरीपटावर नववा.
बाविस्करबाई म्हणाल्या, पिंपाला हात लावू नकोस.
समोरच्या सालईला कॅमेरा बांध.
अस्वल रोजचंच आहे,
बंदूक कोणाची ते कळू दे.

पहिल्या रात्री सायाळ.
दुसऱ्या रात्री कोणीच नाही.
तिसऱ्या रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
फोटोच्या कडेला अंधार
जरा जास्त काळा.

ती सरळ येत नाही.
वारा तोंडावर घेत पिंपाला लांबून वळसा घालते,
मी जिथं लघवीला थांबलो होतो
तिथं तीन फोटो नुसती उभी.
मग मचाणाकडे नाक.
वर कोणी नाही हे पटल्यावर पुढे,
पाठीवर दोन पिल्लं, केसांत मुठी रोवून.

फोटोला आवाज नसतो.
पण मी खालच्या नाल्यात एकदा रात्र काढली आहे,
ऐकलंय: आधी फुंकर, माती उडवायची,
मग जोराची ओढ,
लोहाराचा भाता फाटल्यासारखी.
वारुळाला करते तेच केळ्याला.
गूळ मात्र शेवटी.
खडा नखानं उलटा करते, थांबते, परत उलटा करते.
गुळात काय भरतात हे तिला कसं ठाऊक?
मागच्या साली एक रानडुक्कर
जबड्याशिवाय तीन दिवस फिरलं होतं या नाल्यात.
तिनं पाहिलं असेल. मी पाहिलं.

मग मोठा नर येऊ लागला, मध्यरात्री,
पिंप आडवं पाडून त्यात डोकं घालून.
तेव्हापासून तिची वेळ बदलली.
भर दुपारी, अंजनाची सावली बुंध्याशी आलेली असताना,
आणि तेही बाजाराच्या दिवशी,
जेव्हा पाड्यावरची माणसं जीपच्या टपावर असतात
आणि पायवाटेवर कुत्रंसुद्धा नसतं.
दिवस मोजता येतात तिला. मला
पगाराचे मोजता येत नाहीत.

एकोणिसाव्या रात्री मचाणावर माणूस.
मांडीवर ठासणीची बंदूक, डोक्याला मफलर.
मफलर मी ओळखतो, माझ्याच बायकोनं विणलेला,
तिच्या भावासाठी. जुम्मा.
चार वाजता नर आला. पिंपात डोकं घातलं नाही.
बुंध्याला पाठ घासली, मागच्या पायांवर उभा राहिला,
आणि वर बघत राहिला.
बेचाळीस फोटो. वरचा हलत नाही, खालचा हलत नाही.
त्रेचाळिसाव्यात खाली कोणी नाही.
जुम्मानं चाप का ओढला नाही,
दारू ओली होती की हात,
मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.
दोन दिवसांनी तो घरी आला, कळण्याची भाकरी खाल्ली,
ठेच्याला तिखट कमी म्हणाला.

बाईंना मी आधीचं कार्ड दिलं.
त्यांचं बोट एका फोटोवर थांबलं.
भर उन्हात पिंपाशी वाकलेला मी,
मुठीत मोहफुलं, गाल फुगलेला.
‘खाल्लीस?’
‘चव बघितली.’
त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरं कार्ड दादरच्या पिठाच्या डब्यात आहे, तळाशी.

पिंप जीपमध्ये घालून नेलं. वासे मी काढले.
सालीवर साखळीचा वळ राहिला, त्यातून डिंक आला.
बाजाराच्या दिवशी ती अजून येते.
रिकामी जमीन फुंकते, ओढते, फुंकते.
पिल्लं आता मागून चालतात.
मग वास काढत माझ्या कॅमेऱ्यापर्यंत येते:
शेवटच्या फोटोत नुसत्या दोन नाकपुड्या,
आणि काचेवर वाफ.